कडबाकुट्टीचं पान

संयोगिता साळोखे जयसिंगपूरला पहिल्यांदा गेली ती माफी मागायला. ज्यांची माफी मागायची त्या गृहस्थांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. आणि ज्या मशिनवर तिनं दोन वर्षांत बेचाळीस लेख लिहिले होते, त्या मशिनलाही तिचा कधी हात लागला नव्हता. ते मशिन म्हणजे कडबाकुट्टी. एका तोंडातून कडबा, उसाच्या शेंड्याचं हिरवं वाडं, गवत आत सारायचं आणि दुसरीकडून जनावरांसाठी बारीक तुकडे होऊन बाहेर पडायचं. एवढं तिला ठाऊक होतं, तेही व्हिडिओ बघून.

तिचं मूळ काम वेगळंच. शिवाजी पेठेत सासर, आणि मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात सोळा वर्षं डीटीपी. लग्नपत्रिका, दूध संस्थांचे वार्षिक अहवाल, तालमींच्या फुटबॉल स्पर्धांची पत्रकं, सगळं तिच्या हातून जायचं. एकदा एका पत्रिकेत मुहूर्ताची वेळ बारा पस्तीसच्या जागी दोन पस्तीस पडली. मुलीचा बाप छापखान्यात आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता स्टुलावर बसला आणि म्हणाला, "ताई, चारशे घरात गेली की वो ही पत्रिका." त्यानंतर तीन दिवस ती आणि मालक घरोघरी फोन करत होते. तेव्हापासून संयोगिता प्रत्येक मजकूर दोनदा वाचायची. आपण टाईप केलेलं कुणीतरी बोट ठेवून वाचतं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पुढं लोक पत्रिका मोबाईलवर पाठवायला लागले. छापखाना आधी अर्धा वेळ झाला, मग बंद पडला. संयोगितानं राजारामपुरीत सहा आठवड्यांचा क्लास केला आणि तिथंच जवळच्या एका ऑफिसात नोकरी धरली. ऑफिसचा मालक केतन, वय एकोणतीस. धंदा एकच : लोकांच्या वेबसाइट गुगलवर वर आणून द्यायच्या.

पहिल्या दिवशी केतननं तिला समजावलं होतं. "ताई, माणूस गुगलवर काय शोधतो, त्याला पहिलं पान दिसतं. दुसऱ्या पानावर कोण जात नाही. आपल्या गिऱ्हाइकाला पहिल्या पानावर आणायचं. त्याला दोन गोष्टी लागतात. एक, साइटवर भरपूर मजकूर. दोन, लिंका. दुसऱ्या साइटवाल्यांनी आपल्या साइटची लिंक दिली, म्हणजे समजायचं चार लोकांनी आपलं नाव घेतलं. जेवढी जास्त नावं घेतली जातील, तेवढं गुगलला वाटतं की ह्या माणसात काहीतरी आहे."

"आणि लोकांनी नाव का घ्यावं?"

"ते आपण घ्यायला लावायचं," केतन हसून म्हणाला.

मजकुराचं काम तिच्याकडं आलं. एका लेखात 'कोल्हापुरातील सर्वोत्तम कडबाकुट्टी मशिन' हे शब्द निदान नऊ वेळा आले पाहिजेत, असा नियम. ती लिहायची. वाक्यं शुद्ध असायची, ऱ्हस्वदीर्घ चोख असायचं, आणि लेख वाचून उठलेल्या माणसाला वाचण्याआधी होतं त्याहून काडीभर जास्त कळलेलं नसायचं. लिंका केतन एका यादीतून विकत घ्यायचा. त्या कुठं टाकायच्या हे बऱ्याचदा संयोगिता ठरवायची. एका भविष्याच्या साइटवर शनीच्या साडेसातीवरच्या लेखात मधेच एक ओळ होती : शेतकरी बांधवांनी उत्तम कडबाकुट्टी निवडावी. ती ओळ तिनंच घुसडली होती. तेव्हा तिला हसूही आलं होतं.

आणि खरोखर साइट वर आली. जयसिंगपूरच्या अण्णासो मगदूम यांच्या कारखान्याचं नाव पहिल्या पानावर तिसऱ्या नंबरला दिसायला लागलं. वर्षभर टिकलं. मग एका मार्चात गुगलनं आपली मोजायची पद्धत बदलली आणि आठवडाभरात ते नाव पाचव्या पानावर गेलं. कारखान्याचे फोन रोडावले. अण्णासोंनी ऑफिसात तीनदा फोन केला. चौथ्यांदा फोन वाजला तेव्हा केतननं तो कट केला आणि संयोगिताकडं बघितलं.

"ताई, तुम्ही जाऊन या. तुम्ही वयानं मोठ्या. तुमच्यावर ओरडणार नाहीत."

एस.टी.त बसून तिनं वाक्यं जुळवली. गुगलनं नियम बदललेत, सगळ्यांचंच असं झालंय, तीन महिन्यांत पूर्ववत होईल. हातकणंगले येईपर्यंत ती वाक्यं पाठ झाली होती.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. दारात रंग वाळायला ठेवलेली हिरवी मशिनं, आत वेल्डिंगचा उजेड. अण्णासो पासष्टीच्या पुढचे, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेन आणि मोजपट्टी. त्यांनी खुर्ची पुढं केली, पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "काय झालं ते मला कळंल असं सांगा."

पाठ केलेली वाक्यं तोंडाशी आली होती. पण समोरचा माणूस ज्या तऱ्हेनं बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, नुसतं ऐकायला, ते बघून तिला छापखान्यातलं ते स्टूल आठवलं.

"अण्णा, मी लिहिलेलं खोटं नव्हतं. पण त्यात काही नव्हतं. आणि तुमचं नाव ज्यांनी घेतलं त्यांना तुम्ही ठाऊक नव्हता. आम्ही पैसे देऊन घ्यायला लावलं."

"कुणाला?"

"एक पर्यटनवाले. एक पाककृतीवाले. एक भविष्य सांगणारे."

अण्णासो म्हणाले, "म्हंजे माझ्या मशिनची शिफारस तुम्ही भविष्यवाल्याकडनं घेतलासा?"

"व्हय."

शेडच्या कोपऱ्यातून कुणीतरी हसलं. तो सयाजी, इथला जुना फिटर. अण्णासो हसले नाहीत. "मशिन बघितलंय का कधी तुम्ही? चालताना?"

"न्हाई."

"उठा, चला."

त्यांनी तिला सगळं दाखवलं. मोठं चाक, त्यावरची दोन पाती, वैरण ओढून घेणारे रोलर, आणि रोलर पुढं फिरवायचे की मागं की थांबवायचे हे ठरवणारा लोखंडी दांडा. सयाजीनं मूठभर वाडं आत सारलं आणि ते ज्या वेगानं दिसेनासं झालं त्यानं संयोगिता दोन पावलं मागं सरली. बेचाळीस लेखांत तिनं 'वेगवान' हा शब्द किती वेळा वापरला होता कुणास ठाऊक.

दुपारी जेवायला अण्णासोंच्या घरी. घर शेडला लागूनच. त्यांची बायको पद्मावती जेवण वाढत होती आणि मानेत मोबाईल धरून बोलतही होती. "पट्टा सैल झालाय तुमचा. मोटर मागं सरकवा दोन सूत. न्हाय न्हाय, पाती न्हाय बिघडली, पट्टाच." फोन ठेवला की दुसरा. कारखान्याचा नंबर म्हणजे पद्मावतीकाकूंचाच नंबर, हे संयोगिताला तेव्हा कळलं. पंचवीस वर्षं त्याच फोन घेत होत्या.

"काकू, लोक काय काय विचारतात?"

"काय न्हाय विचारत ते विचार. वलं वाडं रोलरला गुंडाळतंय. घरच्या लायटीवर चालंल का. दोन म्हशीला केवढं घ्यावं. पात्याला धार कुठं लावून मिळंल. विकत घ्यायच्या आधी चार फोन, घेतल्यावर चाळीस."

त्या दिवशी संध्याकाळी पद्मावतीकाकूंनी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली तरी संयोगिता तिथंच बसून होती. शेवटची एस.टी. पकडायची म्हणून उठली. दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा आली, तिसऱ्यातही. फोनशेजारी बसून ती लोकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यायची. 'वलं वाडं गुंडाळतंय' हे तिनं तसंच लिहिलं, कारण माणूस गुगललाही असंच विचारणार. ऑफिसात येऊन तिनं बेचाळीस लेख एकेक करून काढून टाकले आणि त्यांच्या जागी काकूंची उत्तरं घातली. छोटी, सरळ. विकत घेतलेल्या लिंकांची तिनं यादी केली. ह्या आमच्या नव्हेत, ह्या मोजू नका, असं गुगलला कळवायची सोय असते, तिथं ती पाठवली. यादीत एकशे सत्तेचाळीस नावं निघाली. त्यातली निम्मी तिनं स्वतः निवडलेली होती.

केतन म्हणाला, "ताई, हळूहळू होईल हे. गिऱ्हाईक थांबेल का तोवर?"

"थांबतील. मी विचारलंय."

एका मंगळवारी काकूंनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडं एक बाई होती. कुरुंदवाडच्या बाजूच्या एका वस्तीवरून बोलत होती, नाव विठाबाई.

"वैनी, एका हातानं चालवता येईल असलं मशिन हाय का तुमच्याकडं?"

"एका हातानं म्हंजे?"

"डाव्या हाताची तीन बोटं गेली की माझी. दुसऱ्या कंपनीच्या मशिनमदी. म्हशी हायत चार, त्यास्नी वैरण तर घालाय पायजेच की."

काकू विचारून सांगते म्हणाल्या आणि फोन ठेवला. संयोगितानं हातातलं पेन खाली ठेवलं होतं. घरी आल्यावर तिनं गुगलवर शोधून बघितलं. कडबाकुट्टीची किंमत सांगणारी पानं ढिगानं होती, अनुदान सांगणारी होती. हात जाऊ नये म्हणून काय करावं हे मराठीत नीट सांगणारं तिला एकही सापडलं नाही. नवरा अमरसिंह शेजारी बसला होता. फौंड्रीतला माणूस, मशिनं त्याच्या रोजच्या ओळखीची. "आमच्याकडं प्रत्येक मशिनवर धोक्याची पाटी असती," तो म्हणाला. "घरच्या मशिनवर कोण लावणार?"

तिनं केतनला विषय सांगितला. त्यानं आकडे काढून दाखवले. "हे महिन्याला दहा जण शोधतात. दहा जणांसाठी पान?"

"दहा जणांना हात तर हायत," ती म्हणाली. केतनला ते पटलेलं दिसलं नाही.

खरा विरोध अण्णासोंचा. "आक्का, मशिन मी विकतो. आपल्याच दुकानावर आपणच पाटी लावायची व्हय, की हितं हात तुटतो म्हणून? पलीकडचा कारखानदार काय म्हणंल? गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"गिऱ्हाईक काय म्हणतं ते काकूंनी ऐकलंय."

पद्मावतीकाकू धान्य निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या बाईला मी अजून उत्तर दिलं न्हाई."

अण्णासो उठून शेडमध्ये गेले. हो म्हणाले नाहीत, नको असंही म्हणाले नाहीत. संयोगितानं ते आपल्या बाजूनं धरलं आणि विठाबाईंच्या वस्तीवर गेली.

विठाबाई पन्नाशीच्या. गोठ्यासमोर बसून त्यांनी सांगितलं, अगदी कालचा बाजार सांगावा तसं. "सकाळची येळ. हत्ती गवत वलं होतं. एक पेंडी अडकली म्हणून जरा आत ढकलली, तर बांगडीत गवत गुतलं. हात वढला की आत. मोटर बंद करायचं बटन भिंतीला. दांडा मशिनच्या पलीकडं. आन् मी अलीकडं. उजवा हात मोकळा होता की माझा. पर त्यो पोचंल तिथं कायच न्हवतं."

संयोगिता लिहीत होती. हे शेवटचं वाक्य तिनं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

"हे लिहून काय हुणार?" विठाबाईंनी विचारलं.

"कुणीतरी मशिन घ्यायच्या आधी वाचेल. दांडा कुठं आहे ते बघेल. तुमचं नाव घालत नाही मी, काळजी करू नका."

"का? घाला की नाव. चोरी केलीया व्हय मी?"

दुसऱ्या दिवशी तिनं कच्चा मजकूर अण्णासोंना वाचून दाखवला. दांड्याची ओळ आली तसे अण्णासो म्हणाले, "थांबा." ते उठले. शेडमध्ये त्यांचं सगळ्यात जास्त खपणारं लहान मॉडेल उभं होतं. मोटर जोडलेली नव्हती. त्यांनी वैरण घालायच्या तोंडात डावा हात घातला, रोलरला बोटं टेकेपर्यंत, आणि उजवा हात दांड्याकडं लांबवला. मशिनला छाती टेकवली. टाचा उचलल्या. हात आणि दांडा यांच्यात वीतभर अंतर राहिलं.

शेडमधलं वेल्डिंग थांबलं होतं.

"पोचत न्हाय," अण्णासो म्हणाले.

सयाजी जवळ आला. "साचाच तसा हाय, मालक. पयल्यापासनं. दांडा पलीकडनंच निघतोय."

"कवापासनं करतोय आपण हे मॉडेल?"

"वीस वर्षं तरी झाली."

अण्णासोंनी हात बाहेर काढला, रुमालानं पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. वीस वर्षांत कुणाचा हात गेला असेल का, हे त्यांनी विचारलं नाही. पद्मावतीकाकूंच्या फोनवर तसा कुणी बोललेला नव्हता. पण विठाबाईंनीही ज्यांच्या मशिनमध्ये बोटं गेली त्यांना कुठं फोन केला होता? संयोगिताच्या मनात हे आलं आणि अण्णासोंच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्यांच्याही मनात तेच आलंय.

"ते पान लावू नका इतक्यात," ते म्हणाले. "आधी दांडा अलीकडं घेतो. मग लावा. न्हायतर लोकांस्नी सांगायचं एक आन् इकायचं दुसरं."

दीड महिना गेला. सयाजीनं एक जोडदांडा बसवून बघितला, तो वाकला. दुसरा जड झाला. तिसरा वैरण घालणाऱ्याच्या कमरेसमोर आडवा बसवला आणि तो जमला, नुसत्या मांडीनं ढकलला तरी रोलर उलटे फिरून वैरण बाहेर टाकायचे. हात अडकला असताना हात वापरायची गरज नाही, हे सयाजीला सुचलं आणि एरवी सगळ्यांवर खेकसणारा तो दोन दिवस कुणाशीही चांगलं बोलत होता. त्या सगळ्या काळात केतन दर सोमवारी विचारायचा, पान झालं का. संयोगिता सांगायची, दांडा झाला की होईल. तो डोक्याला हात लावायचा.

पान लागलं. वर विठाबाईंचं नाव आणि त्यांनी सांगितलेलं, त्यांच्याच बोलीत. खाली मशिन घेताना तपासायच्या पाच गोष्टी, मग ते कुणाच्याही कंपनीचं असो. आता त्याच्याकडं कुणीतरी बोट दाखवायला हवं होतं. ह्या वेळी यादी नव्हती, दारोदार चपला झिजवायच्या होत्या. जनावरांचे एक डॉक्टर दूध उत्पादकांसाठी साइट चालवायचे. संयोगिता त्यांच्या दवाखान्यात जाऊन दीड तास बसली. त्यांनी मोबाईलवर पान वाचलं.

"चांगलं हाय. पण खाली 'आजच ऑर्डर करा' लिहिलंय. ही जाहिरात झाली. मी लिंक देणार न्हाई."

त्यांचं बरोबर होतं. ती ओळ तिनं सवयीनं घातली होती. तिनं तिथूनच अण्णासोंना फोन लावला. ते म्हणाले, "काढा. त्या पानावर इकायचं कायच नको."

डॉक्टरांनी लिंक दिली. मग एका महिला बचत गटाच्या साइटवर कुणीतरी दिली, न सांगता. एका कृषी महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठीच्या यादीत घातली. सीमेपलीकडच्या एका शेतकरी मंडळानं परवानगी मागून ते कानडीत केलं आणि खाली मूळ पानाचं नाव दिलं. सहा महिन्यांत अकरा लिंका. आधीच्या एकशे सत्तेचाळीसपुढं हा आकडा केतनला अजूनही हास्यास्पद वाटतो, पण साइट पाचव्या पानावरून दुसऱ्यावर आली हे त्यानंच आधी पाहिलं आणि खुर्ची फिरवून संयोगिताला दाखवलं. ओल्या वाड्याचं आणि पट्ट्याचं पान पहिल्या नंबरला होतं. हाताचंही. 'कडबाकुट्टी किंमत' असं शोधलं तर अण्णासो आजही दुसऱ्या पानावर तळाला आहेत. वर मोठ्या कंपन्या आहेत आणि बहुधा राहतील.

अण्णासोंचा धंदा पूर्वीइतका झाला नाही. बुडालाही नाही. विठाबाईंनी त्यांचं मशिन घेतलं नाही, त्या म्हणाल्या, आता सून वैरण करती, मी लांब बसते, मला मशिनचा आवाजच नको. अण्णासो मात्र एकदा सयाजीला घेऊन त्यांच्या वस्तीवर गेले आणि त्या दुसऱ्या कंपनीच्या मशिनलाच आडवा दांडा बसवून आले.

त्यातून पुढचं निघालं. लोक फोन करून विचारायला लागले, आमच्या जुन्या मशिनला असा दांडा बसेल का. मशिनं भलत्याच कंपन्यांची, गावं भलतीच लांबची. तिथं सयाजी कसा पोचणार? एके दुपारी अण्णासोंनी संयोगिताला बोलावलं. टेबलावर दांड्याचा नकाशा होता, पेन्सिलीनं काढलेला, मापांसकट.

"हे साइटवर घाला. कुठल्या बी गावचा वेल्डर बघून करंल असं."

"अण्णा, मग दुसरे कारखानदारही करतील."

"करू देत की."

"मग तुमच्या मशिनमध्ये वेगळं काय राहील?"

अण्णासोंनी विचार केला. "बघू," म्हणाले. "पाती चांगली हायत आमची."

संयोगितानं नकाशावरची मापं टाईप करायला घेतली. ती सतरा होती. तिनं पहिलं वाचन एकटीनं केलं. दुसऱ्या वाचनाला शेडमध्ये सयाजीला मशिनशेजारी बसवलं, आणि प्रत्येक आकडा तिनं मोठ्यानं म्हटल्यावर त्यानं मशिनला मोजपट्टी लावून व्हय म्हणायचं असं ठरलं. नवव्या आकड्याला तो थांबला. कागदावर अर्धा इंच जास्त पडला होता, अण्णासोंच्याच पेन्सिलीतून. त्यांनी चष्मा लावून बघितलं, खोडरबर मागून घेतलं आणि म्हणाले, "पयल्यापासनं वाचा परत."